इंजिन बंद पडलं, तर विमान लगेच पडतं का?

सायकल उताराला लागली, की पेडल न मारताही पळते ना? इंजिन बंद पडलेलं छोटं विमानसुद्धा असंच पुढे जात राहतं. त्याचा 'उतार' म्हणजे त्याची उंची. उडायला शिकताना वापरतात ते सेस्ना १७२ विमान १ किलोमीटर उंचीवरून साधारण ९ किलोमीटर तरंगत जाऊ शकतं. साकुरागिचो ते त्सुरुमी हे रेल्वेचं अंतर जवळपास तेवढंच आहे!

इंजिनाची ताकद का जाते? कधी इंधन संपतं, कधी इंधनात पाणी शिरतं. कधी दमट हवेमुळे कार्बुरेटरमध्ये बर्फ जमतो. बाहेर २० अंश तापमान असलं, तरी हे होऊ शकतं.

मग पायलट काय करतात? आधी विमानाचं नाक थोडं खाली करून वेग सांभाळतात. वेग फार कमी झाला, तर पंख विमानाला उचलून धरू शकत नाहीत. मग मोकळी जागा हेरतात, इंजिन पुन्हा सुरू होतं का ते बघतात आणि रेडिओवर तीनदा 'मेडे' म्हणतात. उड्डाण होताच इंजिन थांबलं, तर धावपट्टीकडे मागे वळत नाहीत. वळताना उंची झपाट्याने कमी होते. म्हणून समोरच जागा शोधतात.

जुलै २०२२ मध्ये पुणे जिल्ह्यातल्या कडबनवाडी गावात एक शिकाऊ सेस्ना १५२ विमान शेतात कोसळलं. विमानात शिकणारी पायलट एकटीच होती. ती वाचली. खाली घरं असती तर?

योकोहामाला याचं उत्तर माहीत आहे. सप्टेंबर १९७७ मध्ये एका अमेरिकन लष्करी जेटच्या इंजिनाला आग लागली. वैमानिक पॅराशूटने उतरले, पण विमान घरांवर पडलं. दोन लहान भाऊ गेले. काही वर्षांनी त्यांची आईही गेली. मिनातो-नो-मिएरू ओका पार्कमध्ये आई आणि मुलांचा पुतळा आहे, तो त्यांच्याच आठवणीचा.

म्हणूनच शिकणाऱ्या पायलटला एक सवय लावतात: इंजिन नीट चालू असतानाच खाली बघायचं आणि स्वतःला विचारायचं, "आत्ता उतरावं लागलं, तर माणसं नसलेली जागा कुठे आहे?"

विचार करा: तुमच्या घराजवळ अशी जागा कुठे आहे?