पुली हलकी, हिशोब जड

सिन्नरमध्ये पुली बनवून घेणं अवघड नाही. माळेगाव आणि मुसळगावच्या औद्योगिक वसाहतींमुळे लेथ आणि सीएनसी मशिनांची इथे वाण नाही. नमुना हातात दिला की ॲल्युमिनियमची तशीच पुली, हवी तर व्यासाने थोडी लहान, उतरवून मिळते. त्यामुळे बोलेरो किंवा जुनी स्कॉर्पिओ बाळगणाऱ्याच्या कानावर हा सल्ला कधी ना कधी पडतोच: जड क्रँक पुली काढ, हलकी बसव, इंजिनाच्या पट्ट्यावर फिरणारा पंखा काढून इलेक्ट्रिक लाव, गाडी मोकळी पळेल. लिटरमागे दोन किलोमीटर जास्त मिळणारच, असं छातीठोकपणे सांगणारेही भेटतात.

सल्ला अगदीच बिनबुडाचा नाही. त्यामागे खरं भौतिकशास्त्र आहे. पण त्याचा हिशोब पूर्ण मांडला की दोन किलोमीटर कुठल्या कुठे विरघळतात.

नाशिकच्या कारखान्यातून २००२ मध्ये बाहेर पडलेली स्कॉर्पिओ काय किंवा बोलेरो काय, या गाड्यांचा सांगाडा शिडीसारखा आणि इंजिन गाडीच्या लांबीत बसवलेलं. इंजिनाचं पुढचं टोक रेडिएटरसमोरच येतं, म्हणून पंखा थेट पट्ट्यावर चालवणं सोपं जातं. छोट्या मोटारींत इंजिन आडवं असतं, पट्ट्याची बाजू चाकाकडे जाते आणि तिथे इलेक्ट्रिक पंख्याशिवाय इलाज नसतो. तेव्हा ‘छोट्या गाडीत इलेक्ट्रिक पंखा चालतो, मग आपल्यात का नाही’ हा प्रश्न चुकीच्या जागेवरून सुरू होतो.

आता उष्णता. जळालेल्या डिझेलमधून ढोबळमानाने एक तृतीयांश ऊर्जा कामी येते, साधारण तेवढीच धुरातून निघून जाते आणि उरलेली बरीचशी कूलंटमधून बाहेर काढावी लागते. बोलेरोचं दीड लिटरचं, तीन सिलिंडरचं इंजिन ७५ अश्वशक्तीचं, म्हणजे सुमारे ५५ किलोवॅटचं. ते पूर्ण जोर लावत असताना रेडिएटरला ३५ ते ४० किलोवॅट उष्णता हवेत टाकावी लागते, असं धरू. मे महिन्यात बाहेर ४० अंश असताना रेडिएटरमधून जाणारी हवा आणखी ३५ अंशांनी तापू द्यायची, तर सेकंदाला एक घनमीटरहून थोडी जास्त हवा त्या जाळीतून ओढली गेली पाहिजे.

ही हवा दोन ठिकाणांहून मिळते: गाडीच्या वेगातून किंवा पंख्यातून. ताशी ९० किलोमीटरला समोरून सेकंदाला २५ मीटर वेगाने वारा येतो. त्यातला बराच भाग जाळीला वळसा घालून जातो, तरी जो आत शिरतो तो पुरतो, आणि पंखा नसला तरी चालतं. नाशिकहून सिन्नरला येताना मोहदरी घाटात पुढच्या ट्रकमागे भरलेली गाडी दुसऱ्या गिअरमध्ये चढते तेव्हा मात्र उलटं होतं. वेग ताशी २० किलोमीटर, इंजिनावर भार पूर्ण आणि एसीचा कंडेन्सर रेडिएटरच्या पुढे उभा राहून आधीच हवा तापवतोय. त्यात सिन्नर समुद्रसपाटीपासून साडेसहाशे-सातशे मीटर उंचीवर. इथली हवा मुंबईपेक्षा विरळ, म्हणजे तेवढ्याच घनमीटरमध्ये उष्णता उचलणारा माल कमी. उघड्या भांड्यातलं पाणीही इथे ९८ अंशांच्या आसपास उकळतं. रेडिएटरचं झाकण सुमारे एक बार दाब धरून ठेवतं, म्हणून गाडीतलं पाणी १२० अंशांच्या जवळ जाईपर्यंत उकळत नाही. सैल झाकणाने घाटात गाडी का उकळते, त्याचं उत्तर इथे आहे.

कारखानदार पंख्याचा आकार ठरवतो तो या घाटासाठी, सपाट रस्त्यासाठी नव्हे. अडचण अशी की घाटासाठी बनवलेला पंखा सपाट रस्त्यावरही फिरतो, आणि पंखा मोठा खादाड असतो. त्याचा वेग दुप्पट केला की हवा दुप्पट मिळते, पण लागणारी शक्ती आठपट होते. वेगाच्या घनाने ती वाढते. समजा १५०० फेऱ्यांना पंखा अर्धा किलोवॅट खात असेल, तर ३००० फेऱ्यांना ४ किलोवॅट खाईल. ताशी ९० किलोमीटरने सपाटीवर चालणाऱ्या दोन टनी एसयूव्हीला हवेचा आणि टायरचा विरोध मोडायला मुळात पंधरा-सोळा किलोवॅट लागतात. त्यावर आणखी ४ किलोवॅट गरज नसलेल्या पंख्याला दिले, तर तो सरळ चौथाईचा कर झाला.

पुली बदलण्याचा सल्ला नेमका या जागी पटू लागतो. लहान पुलीने पंख्याचा वेग फक्त २० टक्क्यांनी कमी केला तर शक्ती जवळजवळ निम्म्यावर येते. गणित बरोबर आहे. फक्त गाडी बनवणाऱ्यांना ते आधीपासून माहीत होतं, एवढंच सल्ला देणारा विसरतो.

पंखा आणि त्याचा दांडा यांच्यामध्ये जो डबीसारखा गोल भाग असतो, ज्याला गॅरेजमध्ये नुसतं ‘विस्कस’ म्हणतात, तो याच करासाठी बसवलेला आहे. त्यात सिलिकॉनचं दाट तेल असतं आणि तोंडावर दोन धातूंची पट्टी. रेडिएटरमधून येणारी हवा गार असली की तेल मागच्या कप्प्यात राहतं आणि पंखा दांड्यामागे रेंगाळत फिरतो. हवा तापली की पट्टी वाकते, झडप उघडते, तेल दोन तबकड्यांमधल्या खाचांत शिरतं आणि पंखा दांड्याला जवळजवळ जखडला जातो. ना वायर, ना सेन्सर, ना कॉम्प्युटर. माझ्या मते मोटारीतल्या सगळ्यात हुशार आणि सगळ्यात दुर्लक्षित भागांपैकी हा एक.

त्याने नेमकं किती वाचतं? दांडा ३००० फेऱ्यांनी फिरतोय आणि मोकळा पंखा त्याच्या पाव वेगाने, असं धरू. पाव वेगाला पंख्याचा पीळ सोळाव्या हिश्शावर येतो. दांड्याचा वेग तोच असल्याने त्याच्याकडून घेतली जाणारी शक्तीही ४ किलोवॅटचा सोळावा हिस्सा, म्हणजे पाव किलोवॅट. त्यातली थोडीच हवेला मिळते, उरलेली तेल तापवण्यात जाते. सोळा किलोवॅटपैकी पाव, म्हणजे जेमतेम दीड टक्का. पंखा पूर्ण काढून टाकला तरी महामार्गावर वाचण्यासारखं एवढंच उरलंय. पंधराचं ॲव्हरेज फार तर सव्वापंधरा होईल, तेही पंख्याच्या जागी काहीच बसवलं नाही तर.

इलेक्ट्रिक पंखा बसवला की नवं खातं उघडतं. १२ व्होल्टवर ३० अँपिअर ओढणारा पंखा ३६० वॅट घेतो. ते वॅट येतात अल्टरनेटरमधून, आणि साध्या अल्टरनेटरची कार्यक्षमता ५५ ते ६० टक्के. म्हणजे पट्ट्यावरून सहाशेहून जास्त वॅट द्यावे लागतात. तरीही हा पंखा हवा तेव्हाच चालतो, सकाळी इंजिन लवकर गरम होऊ देतो, आवाजही कमी करतो, आणि शहरातल्या थांब-चालीत त्याचा फायदा खरा आहे. पण घाटात पूर्ण जखडलेला विस्कस पंखा जी किलोवॅटभर किंवा त्याहून जास्त ताकद लावतो, ती दोन इलेक्ट्रिक पंखे मिळूनही लावू शकत नाहीत. रोज नाशिक शहरातच फिरणाऱ्याने त्याचा विचार करावा. माल भरून घाट चढणाऱ्याने करू नये.

दोन्ही बदल एकत्र करणं तर अंगाशी येणारं. लहान क्रँक पुलीने पट्ट्यावरचं सगळंच मंदावतं: वॉटर पंप, एसीचा कॉम्प्रेसर, पॉवर स्टीअरिंगचा पंप आणि अल्टरनेटर. इंजिन नुसतं चालू ठेवून उभं असताना अल्टरनेटर आधीच काठावर काम करत असतो. त्याचा वेग २० टक्क्यांनी घटवायचा आणि नेमक्या त्याच वेळी, ट्रॅफिकमध्ये, ३०-४० अँपिअरचे पंखे त्याच्या गळ्यात बांधायचे! बॅटरी उतरू लागते आणि दोष बॅटरीवाल्याला दिला जातो.

सर्वांत मोठा धोका मात्र ती ‘जड’ क्रँक पुली काढण्यातच आहे. डिझेल एसयूव्हीत ती सहसा नुसती पुली नसते. मध्ये हब, बाहेर लोखंडी कडं आणि दोघांच्या मध्ये रबराचा थर असतो. प्रत्येक स्फोटाला पिस्टन क्रँकशाफ्टला पिळतो आणि पोलादी शाफ्ट स्प्रिंगसारखी परत उलगडते. एखाद्या वेगाला स्फोटांची लय शाफ्टच्या स्वतःच्या कंपनाशी जुळली की पीळ वाढत जातो. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला सहा सिलिंडरच्या इंजिनांत लांब शाफ्ट अशाच तुटत. इंग्लंडमध्ये अभियंते फ्रेडरिक लँचेस्टर यांनी त्यावर डॅम्परचा उपाय काढला. आजच्या पुलीत तेच तत्त्व आहे: कडं स्वतःच्या जडत्वाने मागे राहतं, रबर ताणलं जातं आणि कंपनाची ऊर्जा उष्णतेत मुरते. लेथवर उतरवलेल्या ॲल्युमिनियमच्या पुलीत ते कडंही नाही आणि रबरही नाही. जे वजन फालतू म्हणून काढलं, त्याचंच काम होतं.

त्याची शिक्षा त्या दिवशी मिळत नाही, म्हणूनच हा सल्ला टिकून आहे. गाडी चालते, कदाचित रेस थोडी चपळही वाटते. एकसारख्या वेगाने चालताना पुलीचं वजन फिरवायला जादा डिझेल लागत नाही, त्यामुळे ॲव्हरेजमध्ये काही दिसत नाही. धातूचा थकवा मात्र आत साचत राहतो.

पुलीत खरी सुधारणा झाली आहे, पण ती अल्टरनेटरकडे. अल्टरनेटरचा रोटर जड आणि वेगवान. क्रँक प्रत्येक स्फोटाला किंचित धाव घेतो आणि किंचित अडखळतो, आणि पट्टा दोघांच्या ओढाताणीत सापडतो. एकाच दिशेला पकडणारी पुली बसवली की क्रँक मंदावताना रोटर आपल्या वेगाने पुढे फिरत राहतो. पट्ट्याचे झटके कमी होतात, पट्टा आणि टेन्शनर जास्त टिकतात. बऱ्याच नव्या डिझेल गाड्यांत ती कंपनीतूनच येते. ती बिघडली तर स्वस्तात साधी पुली टाकून मोकळं होऊ नये.

ॲव्हरेजचा पैसा इतरत्र आहे. सिन्नर तालुक्यात गोंद्याजवळ समृद्धी महामार्गावर चढलं की ताशी १२० किलोमीटरची मुभा मिळते. ताशी ९० च्या तुलनेत तिथे हवेचा विरोध पावणेदोन पटीहून जास्त असतो. विस्कस काढून मिळणारा दीड टक्का उजव्या पायाखाली काही मिनिटांत संपतो.

पंख्यावर खर्च करायचाच असेल तर आधी रेडिएटर आणि कंडेन्सरमधली धूळ आणि किडे आतून बाहेरच्या दिशेने, कमी दाबाच्या पाण्याने धुऊन घ्या. पंख्याभोवतीचा श्राउड फुटला असेल तर बदला. तो नसला की पंखा तीच तापलेली हवा पुन्हा पुन्हा घुसळतो. गाडी तापते म्हणून कुणी थर्मोस्टॅट काढून टाकला असेल तर परत बसवून घ्या, कारण थंड इंजिन जास्त डिझेल पितं आणि लवकर झिजतं. इंजिन बंद आणि थंड असताना पंखा हाताने फिरवून पाहा: भिंगरीसारखा सैल फिरला किंवा त्याच्याभोवती तेलाचे ओघळ दिसले, तर विस्कस गेला आहे आणि तो बदलण्याचा खर्च योग्य आहे. क्रँक पुली मात्र कंपनीचीच ठेवा, आणि तिच्या रबराला भेगा दिसल्या तर तशीच डॅम्परवाली नवी घ्या.