हरण्याचं मानधन

1 सप्टेंबर 2012 रोजी अमेरिकेच्या ओक्लाहोमा राज्यात फुटबॉलचा एक सामना झाला. फुटबॉल म्हणजे त्यांचा. चेंडू काखोटीला मारून धडका देत पळायचा. एका बाजूला ओक्लाहोमा स्टेट हे बलाढ्य विद्यापीठ. समोर जॉर्जिया राज्यातलं सव्हाना स्टेट, कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांसाठी स्थापन झालेलं एक लहानसं सरकारी विद्यापीठ. निकाल लागला 84-0. पुढच्याच आठवड्यात हीच पोरं फ्लोरिडा स्टेटविरुद्ध उतरली. 55-0 असताना विजा कडाडू लागल्या आणि तिसऱ्या सत्रातच सामना थांबवावा लागला, म्हणून आकडा तिथे थांबला. दोन सामन्यांत 139 गुण दिले, मिळवला एकही नाही. आणि या दोन सामन्यांपोटी सव्हाना स्टेटच्या तिजोरीत पडले 8 लाख 60 हजार डॉलर.

यात काही काळंबेरं नव्हतं. सगळं करारावर सही करून, धनादेशाने. तिथे याला 'गॅरंटी गेम' म्हणतात. मोठ्या विद्यापीठाचं स्टेडियम हजारो, कधी लाखभर प्रेक्षकांचं असतं. घरच्या मैदानावरचा एकेक सामना तिकिटं, पार्किंग, खाणंपिणं मिळून लाखो डॉलर देऊन जातो. त्यासाठी हवा असतो असा पाहुणा, जो येईल, खेळेल, बहुधा हरेल आणि 'आता तुम्ही आमच्याकडे या' असं म्हणणार नाही. छोट्याला हवी असते रोकड. त्या धनादेशातून व्हॉलीबॉलच्या मुलींचा प्रवास निघतो, टेनिसच्या प्रशिक्षकाचा पगार निघतो. म्हणजे छोट्या विद्यापीठाचा क्रीडा विभाग वर्षाचं अंदाजपत्रक मांडतो तेव्हा पुढच्या मोसमातले दोन-तीन पराभव जमेच्या बाजूला लिहूनच बसतो. जत्रेच्या फडात चितपट होणाऱ्या पैलवानाची बिदागी आधीच पाकिटात घालून ठेवावी, तसं हे. पराभवाचा इतका चोख हिशेब दुसरीकडे कुठे होत असेल असं मला वाटत नाही.

कधी कधी पैलवान चितपट व्हायचं विसरतो. 2007 मध्ये मिशिगन विद्यापीठाने अ‍ॅपलॅचियन स्टेटला 4 लाख डॉलर देऊन बोलावलं. मिशिगन तेव्हा देशात पाचव्या क्रमांकावर होतं आणि मैदानात लाखाहून अधिक माणूस बसला होता. शेवटच्या सेकंदांत मिशिगनने गोलसाठी मारलेली किक पाहुण्यांच्या कोरी लिंचने अडवली. 34-32. पैसे दिले, वर नाक कापून घेतलं. अमेरिकेत आजही हा सामना आठवला की छोट्या गावांतली माणसं खुशीत येतात.

आता कुणीही विचारेल, झेपत नाही तर एवढा पसारा मांडायचा कशाला? तर त्याचं उत्तर एनसीएए या संस्थेच्या नियमांत आहे. अमेरिकेतला बहुतेक विद्यापीठीय खेळ हीच संस्था चालवते आणि तिच्या तीन पायऱ्या आहेत. वरची डिव्हिजन वन. तिच्यात साडेतीनशेहून अधिक विद्यापीठं आहेत; साठ हजार विद्यार्थ्यांची आहेत आणि दोन-अडीच हजारांचीही. वरच्या पायरीवर बसायचं तर किमान 14 खेळांचे संघ हवेत, ठरावीक शिष्यवृत्त्या द्यायला हव्यात. नुसतं बास्केटबॉल चालवतो म्हटलं तर चालत नाही. त्यात 1972 चा 'टायटल नाइन' हा कायदा मुलींना मुलांच्या बरोबरीने संधी द्यायला लावतो, आणि ते योग्यच आहे. पण याचा अर्थ असा, की तंगी आली म्हणून हात घालून कुठलाही संघ उचलून फेकता येत नाही. टीव्हीचा पैसा मोजक्या बड्यांकडे जातो. बाकीच्यांचा क्रीडा विभाग चालतो तो विद्यापीठाच्या सामान्य निधीवर, विद्यार्थ्यांच्या फीवर आणि माजी विद्यार्थ्यांच्या देणग्यांवर.

या सगळ्याच्या मध्यभागी एक माणूस असतो, अ‍ॅथलेटिक डायरेक्टर. सगळे त्याला 'एडी' म्हणतात. आपल्याकडच्या क्रीडा संचालकाला आंतरमहाविद्यालयीन स्पर्धांचं वेळापत्रक सांभाळायचं असतं. या एडीला प्रशिक्षक नेमायचे, काढायचे, देणगीदारांना जेवायला न्यायचं, नियमभंग होत नाही ना ते पाहायचं आणि कुलगुरूंना दर तीन महिन्यांनी पटवून द्यायचं की अजून एक वर्ष द्या.

हे नेतृत्व कुठे अडतं, याचं जे उदाहरण मला सगळ्यात बोलकं वाटतं, ते लुइझियानातल्या ग्रॅम्बलिंग स्टेटचं. हेही कृष्णवर्णीयांचं ऐतिहासिक विद्यापीठ, पण फुटबॉलमध्ये नाव मोठं. एडी रॉबिन्सन (इथे एडी हे नाव, हुद्दा नव्हे) या प्रशिक्षकाने 1941 पासून 1997 पर्यंत इथे 408 विजय मिळवले. त्यांचाच शिष्य डग विल्यम्स व्यावसायिक फुटबॉलचा अंतिम सामना, म्हणजे सुपर बोल, जिंकणारा पहिला कृष्णवर्णीय क्वार्टरबॅक (चढाईचा सूत्रधार) ठरला, आणि पुढे ग्रॅम्बलिंगचा प्रशिक्षक झाला. पण राज्य सरकारने उच्च शिक्षणाचं अनुदान वर्षानुवर्षं कापत आणलं होतं. व्यायामशाळेची जमीन उखडलेली, भिंतींवर बुरशी. विल्यम्सने ओळखीपाळखीतून पैसे जमवून व्यायामशाळेसाठी नवी जमीन मागवली. ती आली. आणि तेव्हाच्या बातम्यांनुसार तशीच पडून राहिली, कारण पैसा रीतसर मार्गाने आलेला नव्हता, असं प्रशासनाचं म्हणणं होतं.

प्रशासनही पूर्ण चुकीचं नव्हतं. सरकारी संस्थेत प्रशिक्षकाने परस्पर देणग्या गोळा करायच्या म्हटल्या तर उद्या हिशेब कोण देणार? पण जुन्या उखडलेल्या जमिनीवर रोज वजनं उचलणाऱ्या पोराला हे कोण समजावणार? सप्टेंबर 2013 मध्ये, मोसमाचे फक्त काही सामने झाले असताना, विल्यम्सला काढलं. ऑक्टोबरमध्ये दुसराही प्रशिक्षक बदलला. एका सामन्यासाठी इंडियानापोलिसपर्यंतचा शेकडो मैलांचा बसप्रवास करून आलेली मुलं चिडली आणि 19 ऑक्टोबरला जॅक्सन स्टेटविरुद्धच्या सामन्याला गेलीच नाहीत. समोरच्यांचा तो वार्षिक स्नेहमेळाव्याचा सामना, तिकिटं विकलेली, माजी विद्यार्थी जमलेले. सामना जॅक्सन स्टेटला बहाल झाला, ग्रॅम्बलिंगला दंड बसला आणि अख्ख्या अमेरिकेने पहिल्यांदा त्या व्यायामशाळेची बुरशी टीव्हीवर पाहिली.

हरण्याचं झालं. जिंकण्याचं गणित त्याहून अजब आहे.

न्यू जर्सीत फेअरली डिकिन्सन नावाचं विद्यापीठ आहे. 2021-22 च्या मोसमात त्यांच्या बास्केटबॉल संघाने जेमतेम चार सामने जिंकले. मग टोबिन अँडरसन हा प्रशिक्षक आला. खालच्या डिव्हिजनमधला, सोबत आपले तिथलेच काही खेळाडू घेऊन. पुढच्या वर्षी हा संघ आपल्या गटाच्या, म्हणजे ज्या मोजक्या विद्यापीठांशी तो नेहमी खेळतो त्यांच्या संघटनेच्या, अंतिम फेरीत मेरिमॅककडून एका गुणाने हरला. पण मेरिमॅक नुकतंच वरच्या पायरीवर चढलेलं, त्यामुळे राष्ट्रीय स्पर्धेला अजून अपात्र. म्हणून हरलेलं फेअरली डिकिन्सन गेलं. उंचीच्या हिशेबात हा देशातला सगळ्यात बुटका संघ मानला जात होता. समोर आलं पर्ड्यू, ज्यांच्याकडे 7 फूट 4 इंचांचा झॅक ईडी. 17 मार्च 2023 ला बुटक्यांनी पर्ड्यूला 63-58 असं लोळवलं. पुरुषांच्या स्पर्धेत सोळाव्या मानांकनाने पहिल्या मानांकनाला हरवण्याची ही इतिहासातली फक्त दुसरी वेळ.

मग काय झालं? बड्या सेंट जॉन्स विद्यापीठाने आयोना विद्यापीठाचा प्रशिक्षक उचलला. आयोनाने रिकाम्या खुर्चीवर अँडरसनला बसवलं. सामन्याला आठवडाही लोटला नव्हता. त्याच्या आदल्या वर्षी जर्सी सिटीच्या चिमुकल्या सेंट पीटर्सने केंटकीसारख्या दिग्गजाला हरवत थेट शेवटच्या आठांत धडक मारली होती. तो संघ हरला आणि तीन दिवसांत प्रशिक्षक शाहीन हॉलोवे सीटन हॉलला गेले. पाठोपाठ मुख्य खेळाडूही पांगले. 'ट्रान्सफर पोर्टल' नावाची सोय आहे. खेळाडूने तिथे नाव घातलं की कुठलंही विद्यापीठ त्याला बोलावू शकतं. पूर्वी विद्यापीठ बदललं की एक वर्ष बाकावर बसावं लागे. ती अट 2021 मध्ये सैल झाली. छोट्या विद्यापीठाने पोरगा हेरायचा, घडवायचा आणि तो चमकला की मोठ्याने न्यायचा. पोराला दोष देण्यात अर्थ नाही. चार पैसे जास्त मिळत असतील तर आपणही नोकरी बदलतोच.

बक्षिसाचा पैसा तरी येत असेल? येतो, पण कसा ते पाहा. राष्ट्रीय स्पर्धेत खेळलेल्या प्रत्येक सामन्यामागे, अंतिम सामना सोडून, साधारण 20 लाख डॉलर मिळतात. ते सहा वर्षांत विभागून, आणि विद्यापीठाला नाही तर त्याच्या गटाला. गट मग ते सगळ्या सदस्यांत वाटतो. घाम एकाचा, वाटेकरी आठ-नऊ.

त्यातच 6 जून 2025 रोजी कॅलिफोर्नियातल्या न्यायाधीश क्लॉडिया विल्किन यांनी खेळाडूंच्या खटल्यातल्या एका तडजोडीवर शिक्कामोर्तब केलं. पूर्वीच्या खेळाडूंना त्यांच्या नावावर कमावू न दिल्याबद्दल एनसीएएने दहा वर्षांत सुमारे 280 कोटी डॉलर द्यायचे. आणि यापुढे विद्यापीठं खेळाडूंना थेट पैसे देऊ शकतील, पहिल्या वर्षी प्रत्येक विद्यापीठ एकूण सुमारे 2 कोटी 5 लाख डॉलरपर्यंत. खेळाडूंच्या बाजूने पाहिलं तर न्याय झाला, मलाही तसंच वाटतं. पण भरपाईचा मोठा वाटा एनसीएए जो पैसा सगळ्या गटांना वाटते त्यातूनच कापला जाणार. म्हणजे अब्जावधींचा फुटबॉल खेळली बडी मंडळी आणि कात्री लागली ज्यांच्याकडे फुटबॉलच नाही त्यांच्याही वाट्याला. ह्यूस्टन ख्रिश्चन या छोट्या विद्यापीठाने खटल्यात आपली बाजू मांडू द्यावी म्हणून अर्ज केला. तो फेटाळला गेला.

पेनसिल्व्हेनियाच्या डोंगराळ भागात लॉरेटो नावाच्या खेड्यात 1847 पासून सेंट फ्रान्सिस विद्यापीठ आहे, फ्रान्सिस्कन पंथीयांनी काढलेलं. इथलाच मॉरिस स्टोक्स 1955 मध्ये दुसऱ्या एका मोठ्या राष्ट्रीय स्पर्धेत संघ चौथा येऊनही सर्वोत्तम खेळाडू ठरला, पुढे व्यावसायिक बास्केटबॉल गाजवलं आणि ऐन भरात, 1958 मध्ये, डोक्याला मार लागून लुळा पडला. त्याला पुरलंय लॉरेटोतच. या विद्यापीठाचा संघ 1991 नंतर थेट 2025 मध्ये एनसीएएच्या राष्ट्रीय स्पर्धेत पोचला. 18 मार्चला डेटनमध्ये अलाबामा स्टेटशी 68-68 अशी बरोबरी होती. शेवटचे काही सेकंद उरलेले असताना समोरच्या मायका सिम्पसनने मैदानाच्या एका टोकाहून दुसऱ्या टोकाला चेंडू भिरकावला. तो गर्दीत चार हातांना लागून उडाला, अमार नॉक्सच्या हातात पडला आणि त्याने तो सरळ जाळीत घातला. 70-68.

बरोबर एका आठवड्याने विद्यापीठाने जाहीर केलं: आम्ही डिव्हिजन वन सोडून डिव्हिजन थ्रीमध्ये जातोय. चौतीस वर्षांनी उगवलेला मोसम आणि त्याच महिन्यात हा निर्णय! गाव हळहळलं. पण मला तो भ्याड वाटत नाही. दोन-अडीच हजार विद्यार्थ्यांच्या संस्थेने पोर्टल, खटले आणि कोटींच्या पगारांच्या शर्यतीत कितीसं धावायचं?

शिवाय तिसऱ्या पायरीचं अर्थशास्त्र मोठं गमतीचं आहे. तिथे खेळासाठी शिष्यवृत्ती देताच येत नाही. म्हणजे खेळाडू फी भरून शिकतो. समजा नव्याने कुस्तीचा संघ काढला, तीस मुलं आली आणि सवलती वजा जाता प्रत्येकाने वर्षाला 20 हजार डॉलर भरले, तर 6 लाख जमा झाले. प्रशिक्षक, मॅट आणि बस मिळून त्याच्या निम्मेही लागत नाहीत. वर खर्चाच्या खात्यात असलेला क्रीडा विभाग इथे चक्क प्रवेश विभागाचं काम करतो. काही छोट्या कॉलेजांत निम्मे विद्यार्थी कुठल्या ना कुठल्या संघात आहेत, आणि प्रशिक्षकाला किती सामने जिंकलास यापेक्षा किती पोरं आणलीस हे आधी विचारतात.

तरी हा काही रामबाण उपाय नव्हे. अलाबामातल्या बर्मिंगहॅम-सदर्न कॉलेजने 2006 मध्येच हा मार्ग धरला, वर विद्यार्थी वाढावेत म्हणून फुटबॉलही सुरू केला. पण बांधकामांवरचा खर्च आणि हिशेबातल्या जुन्या चुका यांनी गंगाजळी पोखरली होती. राज्याने कर्ज नाकारलं आणि 1856 साली स्थापन झालेलं कॉलेज 31 मे 2024 ला बंद झालं. त्याच दिवशी त्यांचा बेसबॉल संघ ओहायोत तिसऱ्या डिव्हिजनची राष्ट्रीय स्पर्धा खेळत होता, लोकवर्गणीच्या पैशावर. जूनच्या पहिल्या दोन दिवसांत तो नसलेल्या कॉलेजसाठी खेळला, एक सामना जिंकला आणि शेवटी 11-10 असा हरला.

तुमच्या घरातलं कुणी अमेरिकेत शिकायला निघालं असेल तर फीचं विवरण एकदा शेवटच्या ओळीपर्यंत वाचा. बऱ्याच सरकारी विद्यापीठांत त्यात 'अ‍ॅथलेटिक्स फी' अशी ओळ असते. काही ठिकाणी ती वर्षाला हजार डॉलरांच्या वर जाते, मुलाने बॅटही हातात धरली नसली तरी. एवढे पैसे भरतोच आहे, तर त्याला सांगा, सामन्यांना जाऊन बस. विद्यार्थ्यांना अशा बऱ्याच ठिकाणी तिकीट लागत नाही.