छातीत लपलेला पाहुणा

वीकेण्डला भिगवणला फ्लेमिंगो बघायला निघालात, की बारामती-इंदापूरच्या रानात एक सीन हमखास दिसतो. मेंढरांचा कळप, मागे मेंढपाळ आणि सोबत इमानी कुत्रा. काटेवाडीत तुकोबांच्या पालखीभोवती होणारं मेंढ्यांचं रिंगण तर फेमसच! माणूस, मेंढी आणि कुत्रा ही दोस्ती फार जुनी. पण जिथे ही तिघं एकत्र, तिथे एक चौथा पाहुणाही घुसू शकतो. जेमतेम काही मिलिमीटरचा टेपवर्म!

तो कुत्र्याच्या आतड्यात राहतो. त्याची अंडी विष्ठेतून माती, पाणी, पालेभाजीवर येतात. मेंढी चरताना ती गिळते आणि तिच्या लिव्हरमध्ये, फुप्फुसात पाण्याच्या गाठी होतात. मेंढी कापल्यावर तो टाकाऊ भाग कुत्र्याने खाल्ला, की चक्र पूर्ण. अंडी चुकून आपल्या पोटात गेली, तर तशीच गाठ आपल्यात वाढते. हीच हायडॅटिड सिस्ट.

ती बहुतेकदा लिव्हरमध्ये होते, त्याखालोखाल फुप्फुसात. हार्टमध्ये होते ती शंभरातल्या फार तर एक-दोन पेशंट्सना. पण तिथे मामला एकदम सीरियस! गाठ फुटली तर जबरदस्त अॅलर्जी होऊन बीपी कोसळू शकतं, हृदयाच्या आवरणात द्रव साचून त्याचं पंपिंग अडू शकतं, तुकडे रक्तातून मेंदूपर्यंत पोचू शकतात.

गंमत म्हणजे ती वर्षानुवर्षं गप्प राहते. लहानपणी गावी शिरलेली अंडी आणि तक्रार मात्र पुण्यातल्या एसी ऑफिसात! छातीत दुखणं, धडधड, दम लागणं... आपण 'अॅसिडिटी असेल' किंवा 'टार्गेटचं टेन्शन' म्हणून मोकळे होतो. तसं करू नका. डॉक्टरांकडे जा आणि घरी मेंढरं, कुत्री होती हे आवर्जून सांगा. त्या एका वाक्याने तपासाची दिशा बदलू शकते. इको, सीटी किंवा एमआरआयमध्ये गाठ दिसते, रक्ततपासणीचीही मदत होते. हार्टमधली गाठ सहसा ऑपरेशन करूनच काढतात, जोडीला अल्बेंडाझोलच्या गोळ्या.

आणि हो, शिजवलेल्या मटणाने हा आजार होत नाही, तेव्हा संडेचा रस्सा सेफ आहे! फक्त कुत्र्याला व्हेटच्या सल्ल्याने नियमित जंताचं औषध द्या, कच्ची आतडी-काळीज घालू नका, भाज्या नीट धुवा. कुत्र्याचे लाड केल्यावर जेवणाआधी हात साबणाने धुवा. गावी फोन कराल तेव्हा आई-आबांनाही हे सांगा.