विद्युत गिटारचा पेडल बोर्ड : जोडणीचा क्रम, वीजपुरवठा आणि अर्थिंग यांचा विचार

प्रस्तावना

विद्यापीठीय युवा महोत्सवांत भारतीय गायन-वादनाबरोबरच पाश्चात्य गायन, समूहगीत व वाद्यवादन यांनाही स्थान मिळालेले आहे. २००४ साली स्थापन झालेल्या आणि २०१९ पासून पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर यांचे नाव धारण करणाऱ्या सोलापूर विद्यापीठाशी संलग्न महाविद्यालयात ज्या प्राध्यापकाकडे सांस्कृतिक विभाग येतो, त्याला हार्मोनियम-तबल्याच्या बिलांसोबत कधीतरी विद्युत गिटार आणि तिच्या पायाशी ठेवावयाच्या लहान लहान पेट्यांच्या बिलावरही सही करावी लागते. या पेट्या म्हणजे ध्वनिपरिणाम देणारी पेडले, आणि ती एका फळीवर विशिष्ट क्रमाने बसवून केलेला संच म्हणजे पेडल बोर्ड होय. हा संच काय करतो आणि तो कसा मांडावा, याचे विवेचन सदर लेखात केले आहे.

ज्यांनी विद्युत गिटार जवळून पाहिलेली नाही त्यांनी मिरवणुकीतला बेंजो आठवावा. जपानमधील नागोया येथे १९१२ साली तयार झालेल्या ताइशोगोतो या वाद्यापासून आपला बुलबुलतरंग आला आणि त्यालाच चुंबकीय पिकअप बसवून महाराष्ट्रातील बेंजो पथकांनी मोठ्या ध्वनिवर्धकांवर नेले. २०१६ साली रवी जाधव यांनी याच पथकांच्या जीवनावर ‘बँजो’ हा हिंदी चित्रपट केला. तारेचे कंपन, चुंबकाभोवती गुंडाळलेल्या बारीक तारेच्या वेटोळ्यात निर्माण होणारा क्षीण विद्युतसंदेश आणि त्याचे वर्धन हे तत्त्व बेंजो व विद्युत गिटार यांत एकच आहे. त्यामुळे पुढील बरेचसे विवेचन बेंजोलाही लागू पडेल.

प्रस्तुत लेखकाचे मत असे की, बोर्डवर कोणती व किती पेडले आहेत यापेक्षा ती कोणत्या क्रमाने जोडली आहेत, त्यांना वीज कशी मिळते आणि मंचाचे अर्थिंग शाबूत आहे किंवा नाही, या तीन गोष्टी अधिक महत्त्वाच्या आहेत. खरेदी करताना मात्र पैसा बहुधा पहिल्या गोष्टीवरच खर्च होतो.

जवारी आणि डिस्टॉर्शन

ध्वनिपरिणामांतील सर्वांत परिचित प्रकार म्हणजे डिस्टॉर्शन. त्याला ‘आवाज फाटणे’ म्हणून नाक मुरडले जाते. परंतु त्यामागची कल्पना आपल्या परंपरेला परकी नाही. सोलापूरहून फार दूर नसलेल्या मिरजेत तंबोरे घडविणारे कारागीर घोडीच्या पृष्ठभागाला अत्यंत सूक्ष्म वक्रता देतात. तारेखालचा सुताचा दोरा किंचित पुढेमागे सरकवला की तार त्या वक्र पृष्ठभागाला घासत कंप पावते आणि मूळ स्वरासोबत उपस्वर उमलू लागतात. हीच जवारी. मिरजेच्या सतार व तंबोऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले, त्यामागे या कौशल्याचा मोठा वाटा आहे.

डिस्टॉर्शनचे पेडल हेच काम विद्युतमार्गाने करते. संदेश इतका वाढविला जातो की त्याच्या लहरीचे शिखर व दरी मंडलाच्या मर्यादेत मावत नाहीत आणि कापली जातात. कापलेल्या लहरीत मूळ वारंवारतेच्या पटीतील नवे उपस्वर निर्माण होतात. या परिणामाचा जन्म मात्र बिघाडातून झाला. १९६० साली अमेरिकेत नॅशव्हिल येथे मार्टी रॉबिन्सच्या ‘डोन्ट वरी’ या गीताच्या ध्वनिमुद्रणात मिश्रणयंत्राचा एक भाग बिघडला व ग्रेडी मार्टिनच्या वादनाला घरघर आली. ती इतकी आवडली की ध्वनिमुद्रक ग्लेन स्नॉडी यांनी तिची नक्कल करणारे मंडल तयार केले आणि १९६२ मध्ये ते ‘माएस्ट्रो फझ-टोन’ या नावाने पेडलच्या रूपात बाजारात आले.

जवारी आणि डिस्टॉर्शन यांत एक मूलभूत फरक आहे. जवारी प्रत्येक तारेची स्वतंत्र असते; पेडलमध्ये सहाही तारांचा संदेश आधी एकत्र येतो व मग कापला जातो. त्यामुळे स्वरांची आपापसांत बेरीज-वजाबाकी होते. समजा, षड्ज २०० हर्ट्झचा आणि पंचम ३०० हर्ट्झचा आहे. कापण्याच्या क्रियेत १००, ४००, ५०० अशा नव्या वारंवारता निर्माण होतात. त्या सर्व १०० च्या पटीत असल्याने आवाज भरदार, एकजीव वाटतो. याच षड्जासोबत कीबोर्डच्या समविभागी सप्तकातील शुद्ध गंधार, म्हणजे सुमारे २५२ हर्ट्झ, वाजविला तर ५२, १४८, ३०४ अशा कोणाशीही न जुळणाऱ्या वारंवारता निघतात आणि कानाला गढूळपणा जाणवतो. रॉक संगीतातील गिटारवादक डिस्टॉर्शन चालू असताना गंधार गाळून केवळ षड्ज-पंचमाची जोडी का वाजवितात, याचे उत्तर येथे आहे.

क्रमाचा प्रश्न

सोलापूरच्या वाचकाला क्रमाचे महत्त्व सांगण्यासाठी दूर जाण्याची गरज नाही. सोलापुरी चादरीत सूत आधी रंगते आणि मग जॅकार्डवर विणले जाते. म्हणून नक्षी कापडाच्या अंगात असते. तेच सूत आधी विणून नंतर रंगाच्या टाकीत बुडविले तर सूत तेच, रंग तोच, पण हाती येते ते एकरंगी कापड. पेडलांचेही असेच आहे.

गणिताच्या भाषेत सांगायचे तर, काही क्रिया रेषीय असतात. त्यांचा क्रम बदलल्याने तत्त्वतः फरक पडत नाही. प्रतिध्वनी देणारे डिले आणि खर्ज-तार कमीअधिक करणारे टोन नियंत्रण ही अशी क्रियांची जोडी आहे. डिस्टॉर्शन मात्र अरेषीय आहे, आणि ती एक क्रिया साखळीत आली की तिच्या अलीकडे काय आहे व पलीकडे काय, हा प्रश्न निर्णायक ठरतो. डिले आधी व डिस्टॉर्शन नंतर ठेवल्यास मागील स्वराचा प्रतिध्वनी आणि चालू स्वर एकत्र कापले जातात; शिवाय कापण्याच्या क्रियेत मंद संदेश तुलनेने वर उचलला जात असल्याने प्रतिध्वनी विरत जाण्याऐवजी रेंगाळतो. डिस्टॉर्शन आधी ठेवल्यास आधीच घडलेल्या स्वराचा स्वच्छ प्रतिध्वनी मिळतो. आवाज कमीअधिक करणारे पायाचे पेडल डिस्टॉर्शनच्या आधी असेल तर त्याने स्वराचा खरखरीतपणा बदलतो. नंतर असेल तर केवळ पातळी बदलते.

यावरून रूढ झालेला क्रम असा : प्रथम सुरावट तपासणारा ट्यूनर, मग वा-वा व कॉम्प्रेसर, त्यानंतर ओव्हरड्राइव्ह अथवा डिस्टॉर्शन, पुढे कोरस किंवा फेझरसारखे स्वराला हेलकावे देणारे परिणाम, आणि शेवटी डिले व रिव्हर्ब. शेवटच्या दोहोंचे स्थान समजण्यास सोपे आहे. ती सभागृहाची नक्कल करतात आणि सभागृह हे वाद्याच्या नंतर येते. हा क्रम नियम नव्हे. जुन्या धर्तीचे फझ पेडल गिटारच्या वेटोळ्याशी थेट जोडलेले असतानाच नीट वागते, म्हणून ते ट्यूनरच्याही आधी ठेवण्याची प्रथा आहे. परंतु जो नियम मोडावयाचा तो आधी ठाऊक असावा, एवढेच.

केबलमध्ये हरवणारा तार स्वर

‘सगळी पेडले बंद ठेवली तरी आवाज दबका येतो’ ही विद्यार्थ्यांची नेहमीची तक्रार असते. दोष बहुधा केबलचा असतो. आच्छादित केबलची विद्युत-धारकता दर मीटरला साधारण १०० पिकोफॅरड असते. पिकअपचे इंडक्टन्स २.५ हेन्री धरले आणि वेटोळ्याच्या स्वतःच्या १०० पिकोफॅरडमध्ये ६ मीटर केबलची भर घातली, तर या मंडलाची अनुनादी वारंवारता सुमारे ३८०० हर्ट्झ येते. बोर्डपासून अँप्लिफायरपर्यंत आणखी ६ मीटर केबल आली की ती २८०० हर्ट्झपर्यंत घसरते आणि तिच्यावरील तेज नाहीसे होते. पेडल बंद असताना संदेश त्यातून सरळ पुढे जाऊ देणारी ‘ट्रू बायपास’ रचना पुष्कळांना आदर्श वाटते. परंतु सर्वच पेडले तशी असतील तर संपूर्ण केबलचा भार त्या बिचाऱ्या वेटोळ्यावर पडतो. साखळीच्या आरंभी बफर असलेले एक पेडल ठेवले की प्रश्न मिटतो. बॉस कंपनीच्या अनेक पेडलांत असा बफर असतोच.

वीजपुरवठा

बहुतेक पेडलांना ९ व्होल्ट एकदिश विद्युतदाब लागतो व त्यांच्या पिनचा मध्य ऋण असतो. कीबोर्डचा १२ व्होल्टचा, मध्य धन असलेला अडॅप्टर त्याच छिद्रात बसतो म्हणून लावला गेला तर पेडल जळू शकते. अडॅप्टरवरील खूण वाचणे हे येथे पहिले काम होय.

ओव्हरड्राइव्हला १० मिलिअँपिअरच्या आसपास प्रवाह पुरतो, तर डिजिटल डिले ६० ते १०० किंवा त्याहूनही अधिक घेतो. चौकोनी अल्कलाईन बॅटरीची क्षमता सुमारे ५०० मिलिअँपिअर-तास असल्याने डिजिटल पेडल तिच्यावर चार-पाच तासांतच मान टाकते. म्हणून अडॅप्टर हवाच. एका अडॅप्टरवर सर्व पेडले माळेसारखी जोडणे स्वस्त पडते. पण त्यामुळे डिजिटल पेडलातील स्पंदांचा गोंगाट सामाईक तारेतून डिस्टॉर्शनमध्ये शिरतो व तेथे शेकडो पटींनी वाढतो. प्रत्येक पेडलला स्वतंत्र, परस्परांपासून विलग निर्गम देणारा पुरवठासंच महाग असतो. तरीही पाच पेडले व साधा अडॅप्टर यांपेक्षा तीन पेडले व विलग पुरवठा हा खरेदीचा पर्याय आम्ही निःसंकोचपणे सुचवू. निधी अगदीच थोडा असल्यास सर्व परिणाम एकाच पेटीत देणारे मल्टि-इफेक्ट यंत्र घ्यावे. त्यातही क्रम पडद्यावर ठरवावा लागतोच, त्यामुळे वरील विवेचन वाया जात नाही.

अर्थिंग : प्रश्न केवळ गुणगुणीचा नाही

मंचावर गिटार जोडली की पुष्कळदा ‘हूं’ असा आवाज येतो. तो ५० हर्ट्झचा असेल तर एकेरी वेटोळ्याने जवळच्या ट्रान्सफॉर्मरचे क्षेत्र पकडलेले असते; वादक थोडा वळला की तो कमी होतो. अर्थिंगला दोन निरनिराळे मार्ग मिळून त्यांचे वर्तुळ झाले असेल तर मात्र वळून उपयोग होत नाही. अशा वेळी कोणीतरी जाणकार पुढे येतो आणि अँप्लिफायरच्या प्लगची तिसरी पिन काढून टाकतो. आवाज थांबतो आणि सर्वांना हायसे वाटते.

याहून धोकादायक उपाय नाही. गिटारच्या तारा घोडीमार्गे अँप्लिफायरच्या धातूच्या सांगाड्याशी जोडलेल्या असतात. तिसरी पिन काढल्यावर आतील विद्युतरोधन निकामी झाले तर तो सांगाडा आणि वादकाच्या बोटांखालील तारा २३० व्होल्टवर येऊ शकतात. वादक गातही असेल तर समोरचा मायक्रोफोन दुसऱ्या मार्गाने अर्थ झालेला असतो आणि त्याच्या ओठांशी मंडल पूर्ण होते. वेल्समधील स्वान्सी येथे ३ मे १९७२ रोजी ‘स्टोन द क्रोज’ या वाद्यवृंदाचा गिटारवादक लेस हार्वी मंचावरच मायक्रोफोनला हात लावताच विजेच्या धक्क्याने मरण पावला. दोष अर्थिंगचा होता.

आपल्याकडे खुल्या मैदानातील कार्यक्रम जनरेटरवर चालतात आणि तिसरी पिन नसलेली विस्तारपेटी मंडपात सर्रास दिसते. तीन फेजच्या जोडणीत न्यूट्रल सैल झाल्यास एखाद्या सॉकेटवरील दाब ४०० व्होल्टच्या दिशेने चढू शकतो. संघव्यवस्थापक म्हणून गेलेल्या प्राध्यापकाने गिटारचा अँप्लिफायर, पेडल बोर्ड आणि मिक्सर हे एकाच अर्थ असलेल्या पुरवठ्यावर आहेत व त्यावर ३० मिलिअँपिअरचा गळतीरक्षक आहे, एवढे पाहावे. विद्यार्थ्याच्या हाती वाद्य देण्यापूर्वी मल्टिमीटर प्रत्यावर्ती व्होल्टवर ठेवून एक टोक गिटारच्या तारेला व दुसरे मायक्रोफोनच्या जाळीला लावावे. काही व्होल्टपेक्षा अधिक दिसल्यास कार्यक्रम थांबवावा, मग आयोजक कितीही घाई करोत. गुणगुण घालवायची असेल तर संदेशवाहक केबलच्या मार्गात विलगीकरण ट्रान्सफॉर्मर असलेली डीआय पेटी वापरावी. विजेच्या अर्थला हात लावू नये.

फळी व मांडणी

प्रत्यक्ष बांधणी सुताराच्या अर्ध्या दिवसाच्या कामाची आहे. १२ मिलिमीटर जाडीच्या प्लायवूडच्या आडव्या पट्ट्या, मध्ये केबल खाली उतरण्यापुरती फट, आणि मागील बाजू थोडी उंच. साध्या पेडलची रुंदी ७ सेंटिमीटरच्या थोडी वर असते; काटकोनी जॅकसाठी जागा सोडून ६० सेंटिमीटरच्या फळीवर एका रांगेत पाच-सहा पेडले बसतात. बहुतेक पेडलांचा प्रवेश उजवीकडे व निर्गम डावीकडे असल्याने साखळी उजवीकडून डावीकडे जाते. वारंवार दाबावयाची पेडले पुढच्या रांगेत असावीत, मग विद्युतक्रमात ती कोठेही असोत. वेल्क्रोच्या पट्टीचा गोंद सोलापूरच्या एप्रिल-मेमध्ये, विशेषतः बंद गाडीत, सैल पडतो; जड पेडलांना त्याऐवजी पत्र्याच्या लहान पट्ट्या व स्क्रू लावावेत. वीजवाहक तारा फळीच्या एका कडेने व संदेशवाहक केबल दुसऱ्या कडेने न्याव्यात. त्यांना एकमेकींना ओलांडावे लागले तर काटकोनात ओलांडावे.

ऐनवेळी आवाज बंद पडल्यास एकेक पेडल तपासण्यात वेळ दवडू नये. साखळीच्या मध्यावरून केबल काढून थेट अँप्लिफायरला जोडावी. आवाज आला तर दोष पुढील अर्ध्या भागात, न आल्यास मागील. त्या भागाचे पुन्हा दोन भाग करावेत. आठ पेडलांतील दोष तीन चाचण्यांत सापडतो. मंचावर तेवढाही अवधी नसेल, तर बोर्डच्या पिशवीत ठेवलेली एक जादा सहा मीटर केबल गिटारपासून सरळ अँप्लिफायरला लावावी आणि वादन सुरू करावे.