तेरा टक्क्यांचं शहर
सकाळची बेल्याला जाणारी बस आदिलाबादच्या स्थानकावरून सुटते, तेव्हा तिच्यात अप-डाऊन करणारे शिक्षक हमखास असतात. कंडक्टर आला की मॅडम आधार कार्ड दाखवतात आणि ‘झिरो टिकट’ पर्समध्ये टाकतात. शेजारचे सर खिशातून नोटा काढतात. दोघांचा पगार अगदी सारखा असला, तरी महिनाअखेरीचा हिशेब इथेच फुटतो. 9 डिसेंबर 2023 पासून तेलंगणात महिलांना ‘पल्ले वेलुगु’ आणि एक्सप्रेस बसचा प्रवास मोफत आहे. मात्र राज्याच्या हद्दीपर्यंतच. माहेर पांढरकवड्याचं असेल, तर पैनगंगेपुढचं तिकीट काढावंच लागतं.

खरी गंमत घरभाडे भत्त्यात आहे. 2021च्या वेतनसुधारणेनुसार राज्य कर्मचाऱ्याला हैदराबादेत मूळ पगाराच्या 24 टक्के मिळतात. 50 हजार ते 2 लाख वस्तीच्या गावांना 13 टक्के, खेड्यांना 11. आदिलाबाद शहराची लोकसंख्या 2011च्या जनगणनेत 1 लाख 17 हजार, म्हणून तेरा. मूळ पगार 40,000 धरला, तर हैदराबादेत 9,600, आदिलाबादेत 5,200 आणि खेड्यात 4,400 रुपये हाती येतात.

पण भत्ता ठरतो नोकरीच्या गावावरून आणि भाडं द्यायचं राहत्या गावात. मुलांच्या शाळेसाठी आदिलाबादेत बिऱ्हाड करून खेड्यात शिकवणाऱ्याचे 800 रुपये तिथेच गेले. बदली होऊन हैदराबादेत गेलेल्याला आदिलाबादपेक्षा 4,400 जास्त मिळतात. कुकटपल्लीतल्या दोन खोल्यांच्या वाढीव भाड्याला ते पुरले, तर नशीबच म्हणायचं.

200 युनिट मोफत विजेची योजनाही या वर्गाच्या कामाची नाही. तिला पांढरं रेशनकार्ड लागतं, आणि त्याची उत्पन्नमर्यादा शहरात वर्षाला 2 लाख, खेड्यात दीड लाख.

मग गावातल्या वडिलोपार्जित घरात राहणारा सुखी? वरवर पाहता हो. भाडं नाही, तूरडाळ घरची, भाजीही बरीचशी वावरातली. पण घरात एकाला पगार असला की अख्ख्या वावराला हक्काची ‘सोसायटी’ मिळते, तीही बिनव्याजी आणि परतफेडीची तारीख नसलेली. कापूस बाजारात जाईपर्यंत दिवाळी उजाडते. बी-बियाणं, खत, निंदणाची मजुरी त्याआधीच द्यावी लागते. भाऊ मागत नाही, नुसता ‘यंदा पाऊस लवकर दिसतो’ म्हणतो. वहिनीला मात्र त्यातलं बरोबर कळतं.

जूनमध्ये शाळा आणि पेरणी एकदमच सुरू होतात. त्या महिन्यात वह्यांची यादी आणि कपाशीच्या बियाण्याची पाकिटं एकाच पिशवीतून घरी येतात.