शांततेचा अर्थ लावताना

पृथ्वीबाहेर बुद्धिमान जीव असतील, तर त्यांचा शोध घ्यावा कसा? या प्रश्नाला १९५९ साली एक व्यवहार्य उत्तर मिळाले. जुझेप्पे कोक्कोनी आणि फिलिप मॉरिसन या भौतिकशास्त्रज्ञांनी ‘नेचर’ या नियतकालिकातून १४२० मेगाहर्ट्‌झच्या आसपास रेडिओ संदेश शोधावेत, असे सुचविले. हायड्रोजन हे विश्वातील सर्वांत विपुल मूलद्रव्य. त्याचे अणू याच कंप्रतेच्या लहरी सोडतात. म्हणून ही खूण कोणत्याही प्रगत समाजाला ठाऊक असणार, असे त्यांचे अनुमान होते. पुढच्याच वर्षी फ्रँक ड्रेक यांनी अमेरिकेतील ग्रीन बँक येथील २६ मीटर व्यासाची रेडिओ दुर्बीण टाऊ सेटी आणि एप्सिलॉन एरिडानी या दोन ताऱ्यांकडे वळविली. संदेश मिळाला नाही. त्यानंतरच्या सहा दशकांतही निर्विवाद असा एकही संदेश मिळालेला नाही.

मग तेथे कोणीच नाही, असे समजावे काय? जेसन राइट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१८ साली याचा हिशेब मांडला. दिशा, अंतर, कंप्रता, काळ हे सारे लक्षात घेता आजवरचा रेडिओशोध म्हणजे पृथ्वीवरील सर्व महासागरांपैकी एका लहानशा जलतरण तलावाएवढे पाणी तपासण्यासारखे आहे. तेवढ्या पाण्यात मासा आढळला नाही, म्हणून समुद्रात मासेच नाहीत असे आपण म्हणणार नाही.

जुन्या पद्धतीच्या मुळाशी एक गृहीतकही आहे. दूरचे जीव आपल्याप्रमाणेच रेडिओ वापरतील आणि आपल्याला मुद्दाम हाक मारतील, असे ती मानते. परंतु रानात वस्ती आहे की नाही, हे कळण्यासाठी कोणी साद घालेपर्यंत थांबावे लागत नाही. चुलीचा धूर दिसला तरी पुरतो. फ्रीमन डायसन यांनी १९६० सालीच दाखवून दिले होते की, प्रचंड ऊर्जा वापरणाऱ्या समाजाला अखेर उष्णता बाहेर टाकावीच लागेल आणि ती अवरक्त किरणांच्या रूपाने दिसू शकेल. आज अशा उष्णतेबरोबरच लेसरचे झोत आणि परग्रहांच्या वातावरणातील कृत्रिम वायू यांचाही विचार होतो. तंत्रज्ञानाच्या या खुणांना ‘टेक्नोसिग्नेचर’ म्हणतात.

अर्थात, दुरून धुके आणि धूर सारखेच दिसू शकतात. ऑस्ट्रेलियातील पार्क्स दुर्बिणीने २०१९ साली प्रॉक्सिमा सेंटॉरी या ताऱ्याच्या दिशेने ९८२ मेगाहर्ट्‌झजवळ एक संकेत नोंदविला. नोंदींमधील हा संकेत प्रथम पदवीचे शिक्षण घेणाऱ्या एका विद्यार्थ्याच्या नजरेस आला. दुर्बीण ताऱ्यावर असताना तो दिसे, अन्यत्र वळविली की नाहीसा होई. आशा वाटावी असेच ते लक्षण होते. तरीही संशोधकांनी नोंदी पुन्हा तपासल्या, तेव्हा तशाच घडणीचे संकेत दुर्बीण दुसरीकडे वळलेली असतानाही आढळले. तो पृथ्वीवरील यंत्रांचा गोंगाट होता, हा निष्कर्ष त्यांनी २०२१ साली प्रसिद्ध केला. ज्यांना तो संकेत खरा ठरावा असे सर्वाधिक वाटत असणार, त्यांनीच तो बाद ठरविला.

म्हणून या शोधाचा फेरविचार केवळ अधिक मोठ्या दुर्बिणींवर थांबत नाही. आपल्यासारखेच कोणी असेल, हा आग्रह त्यात सोडावा लागतो. आणि हवे तेच दिसू लागले की ते अधिक कसोशीने तपासावे लागते. आपल्या मुलांनी विज्ञानाकडून तंत्रज्ञान तर घ्यावेच. त्यासोबत ही शिस्तही घ्यावी, असे आम्हास वाटते.