परळचा फ्लोरिन

गिरगावच्या चाळीत सकाळी नळ आला की पहिल्या बादलीला उग्र वास मारतो आणि कुणीतरी म्हणतंच, "आज फ्लोरिन जास्त टाकलाय." टाकलेला असतो तो क्लोरिन. आपल्याकडे नळाच्या पाण्यात फ्लोराईड मिसळायची पद्धतच नाही. तानसा, वैतरणा, भातसा ही सगळी पावसाची धरणं. त्यांच्या पाण्यात मुळातच ते कमी. फ्लोराईड छळतं ते चंद्रपूर, यवतमाळ, नांदेडकडे, जमिनीखालच्या पाण्यातून. लिटरमागे १ मिलिग्रॅमपर्यंत ठीक, दुसरी सोयच नसेल तर १.५. त्याहून जास्त असलेलं पाणी वर्षानुवर्षं पोटात गेलं, की दातांवर डाग पडतात, पुढे सांधे आखडतात.

"टूथपेस्टमध्ये विषारी वायू असतो," हे दादरच्या एका लग्नात ऐकलेलं. मोकळा फ्लोरिन जहाल खराच. १८८६ साली हेन्री म्वासाँला तो वेगळा काढता आला, तोवर या नादात काहींचे जीवही गेले होते. पण पेस्टमध्ये असतं ते फ्लोराईड. मिठातही क्लोरिन आहे, म्हणून आमटी कुणी ओतून देतं का? पेस्टीत ते किलोमागे फार तर १ ग्रॅम. लहानग्यांना वाटाण्याएवढी द्यावी, गिळू देऊ नये, एवढंच. आणि पेस्ट टाळणारे कटिंग मात्र चारदा पितात! चहाचं झाड मातीतलं फ्लोराईड पानांत साठवतं.

लालबागच्या आमच्या मावशीचा पेट स्कॅन झाला. आठवडाभर तिने नातवाला मांडीवर घेतलं नाही, "अंगात रेडिएशन आहे" म्हणून. त्या दिवसापुरतं ते बरोबरच होतं. टोचतात ते फ्लोरिन-१८ लावलेलं ग्लुकोज. कॅन्सरच्या पेशी साखरेला हपापलेल्या, त्या ते जास्त ओढून घेतात आणि फोटोत उजळतात. निसर्गात सापडतो तो जवळजवळ सगळा फ्लोरिन-१९. हा १८ बनवावा लागतो. त्यासाठीचं देशातलं पहिलं मेडिकल सायक्लोट्रॉन २००२ साली परळलाच सुरू झालं, टाटा हॉस्पिटलच्या अॅनेक्स इमारतीतल्या भाभा अणुसंशोधन केंद्राच्या रेडिएशन मेडिसिन सेंटरमध्ये. ऑक्सिजन-१८ असलेल्या पाण्यावर प्रोटॉनचा मारा केला की हा फ्लोरिन तयार होतो. त्याचा साठा करून ठेवता येत नाही, कारण दर ११० मिनिटांनी तो निम्मा होतो. चोवीस तासांत मावशीच्या अंगात त्याचा आठ हजारावा भागही उरला नव्हता. बाकीच्याचं काय झालं? ज्यापासून तो बनवला, तोच ऑक्सिजन-१८ पुन्हा.